वाचून दाखवले व समजले

बावीस वर्षं मी कोर्टाबाहेर टायपिंग करतोय. प्रत्येक कागदाच्या तळाशी न चुकता एक ओळ टाकतो: ‘सदर मजकूर मला वाचून दाखवला व तो मला समजला.’ खरं सांगायचं तर आजवर मी कोणाला एक अक्षर वाचून दाखवलं नव्हतं. लोकांना घाई, मला घाई, आतल्या साहेबांना जेवणाची घाई.

त्या दिवशी शिवणकाम करणाऱ्या एक बाई धाकट्या भावाला घेऊन आल्या. वडिलांच्या माघारी दोन खोल्या दोघांच्या नावावर. पुढच्या खोलीत बाईंची मशीन आणि तिच्यावरच त्यांचं पोट, मागे भावाचा संसार. विजेचं मीटर भावाच्या नावावर करायचं होतं, त्यासाठी बहिणीची संमती हवी होती. पाच मिनिटांचं काम. मी कागद काढला आणि सहीच्या जागेवर बोट ठेवलं.

बाईंनी चष्मा लावला आणि आधी तळच वाचला. कापड उलटं करून शिवण बघायची सवय असावी.

“काका, इथे लिहिलंय वाचून दाखवलं. मग दाखवा.”

“अहो ताई, ते असंच लिहायचं असतं.”

“मी मापं न घेता सदरा शिवला आणि पावतीवर लिहिलं मापं घेतली, तर चालेल तुम्हाला?”

रांगेतले लोक हसले. माझं डोकं सणकलं. मी मुद्दाम भराभर वाचायला लागलो, “लिहून देणार यांनी...”

“म्हणजे कोण?”

“तुम्ही. सदरहू मिळकतीवरील...”

“साध्या भाषेत सांगा.”

“तुमच्या खोल्या हो. त्यांवरील आपला हक्क बिनशर्त व अपरिवर्तनीयरीत्या सोडून दिला आहे. म्हणजे खोल्यांवरचा हक्क तुम्ही सोडला, काही अट न घालता, आणि एकदा सोडला की परत...”

मी कागद डोळ्यांजवळ नेऊन ती ओळ पुन्हा बघितली.

बाई भावाकडे बघत राहिल्या. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. “ताई, मी फक्त मीटरचं सांगितलं होतं गं,” तो कसाबसा म्हणाला. त्या एका क्षणात या दोघांचं नातं माझ्या टेबलावर तुटायला आलं होतं, आणि मला स्वतःची भयंकर लाज वाटली.

“चूक त्याची नाही, माझी आहे,” मी म्हणालो.

सकाळी मी दुसऱ्या कोणाचं हक्कसोडपत्र केलं होतं. आमच्या रांगेतले सगळे टायपिस्ट करतात तसं कॉम्प्युटरवर तेच उघडून मथळा बदलला, नावं बदलली आणि मधला परिच्छेद तसाच राहिला.

बाईंनी सुस्कारा सोडला. भावाच्या पाठीवर हात ठेवला आणि मला म्हणाल्या, “आता मी सांगते तसं लिहा. मीटर भावाच्या नावावर करायला माझी हरकत नाही. खोल्यांवरचा माझा हक्क आहे तसाच आहे.”

“सदरहू खोल्यांवरचा,” मी सवयीने पुटपुटलो.

“सदरहू नको.”

नवा कागद मी सावकाश वाचून दाखवला. “समजलं?” बावीस वर्षांत मी पहिल्यांदाच कोणाला हे विचारत होतो.

“समजलं,” म्हणत बाईंनी सही केली. मी दोघांना घेऊन आत गेलो. असा साध्या भाषेतला कागद साहेब परत पाठवतील असं मला वाटलं होतं, पण त्यांनी तो एकदाच वाचला आणि शिक्का मारला.

मी जागेवर परतलो, तर मघाशी सगळ्यात मोठ्याने हसलेला माणूस कालच मी टाइप केलेला कागद घेऊन उभा होता.

“माझाही वाचा,” तो हळूच म्हणाला.

मी त्याला बसायला स्टूल दिलं आणि पहिल्या शब्दापासून सुरुवात केली.