सासूच्या मापाच्या बांगड्या

लग्न दुसऱ्या दिवसावर आलेलं. नवरदेवाची आई रूपाबाई साडी-चोळी घेऊन सेनगावाहून कुरुंद्याला आली आणि पाण्याचा तांब्या हातात घ्यायच्या आधीच तिनं अट घातली. मुसलमानाच्या पोरीशी सुनेचं असलं गूळपीठ नको, पाहुण्यांत बोलणं होतं. ती कहकशा मांडवात दिसली, तर आपण आल्या पावली माघारी, आणि लग्नही मोडलं.

कहकशा मनियाराची लेक. गावातल्या लेकीसुनांच्या हातात बांगड्या भरणारं घर ते. ती आणि नवरी सीमा मिळून मोबाईलवर रील करायच्या. कहकशा डोक्यावर पदर घेऊन खाष्ट सासू, सीमा तिला पुरून उरणारी सून. नवरदेवानं सीमाला पहिल्यांदा पाहिलं तेही त्यातच. तेव्हा त्या सासूचं नाव कुणी विचारलं नव्हतं.

सीमाची आई यशोदाबाई हिनं लेकीला बाजूला घेऊन बजावलं, कहकशाला फोन लाव अन् येऊ नको म्हण. सीमा फोन घेऊन शेळ्यांच्या गोठ्यामागं गेली. पण तिची जीभ रेटेना. फोन तसाच हातात राहिला.

आणि कहकशा आली. डोक्यावर बांगड्यांची पेटी, तोंडभर हसू. मांडवातल्या बायका रूपाबाईकडं बघू लागल्या. रूपाबाईनं आपली पिशवी उचलली. कहकशा खुळी नव्हती. काय ते ओळखून ती तिथूनच वळली.

लग्न मोडलं तर बापाला तोंड दाखवायला जागा उरणार नव्हती, हे सीमाला कळत होतं. तरी ती पाटावर जाऊन बसली आणि हात पुढं केला.

"कहकशा, भर."

पहिली बांगडी हातात गेली की नवरीनं अर्ध्या चुड्यावर उठायचं नाही आणि तिला कुणी उठवायचंही नाही, ही रीत सेनगावातही तीच. कहकशा माघारी आली आणि पेटी उतरवून पाटासमोर बसली. तिनं सीमाची बोटं जुळवून दाबली आणि पहिली बांगडी मनगटावर उतरली.

रूपाबाई उभीच होती. मनगटावरच्या त्या एका बांगडीकडं बघत तिनं पिशवी खाली ठेवली.

"आता अर्धा ठिवू नका," ती म्हणाली.

चुडा पुरा झाला. रीतीप्रमाणे सीमा बांगड्या भरणारीच्या पाया पडली. मग कहकशानं पेटी विहीणबाईपुढं सरकवली. रूपाबाईनं दोन्ही हात पदराखाली घेतले.

हात झाकायच्या आधीच कहकशाच्या नजरेनं त्यांचं माप घेतलं होतं. तिनं हिरव्या बांगड्या निवडून कागदात गुंडाळल्या आणि सीमाच्या मांडीवर ठेवल्या.

"तुझ्या सासूच्या मापाच्या हायत," ती हळूच म्हणाली. "कवा हात भाईर काढतीन, तवा तू भर."