आत वळलेली शिंगं

उलुकबेक फोन घेऊन जिन्यात जायला लागला, तेव्हाच चिनाराच्या मनात पाल चुकचुकली. एरवी हा माणूस बायकोशीसुद्धा सगळ्यांदेखत भांडायचा. सासू कधी येणार, कधी जाणार, गाडीचं काय बिनसलंय, सगळं खोलीभर ऐकू यायचं. आणि आता फोन वाजला की खुर्ची मागे सारून सरळ बाहेर, वर दारही ओढून घ्यायचा. असं काय बोलायचं असतं बाई, जे दाराआडच बोलावं लागतं?

खोली तरी केवढी? बिश्केकमधल्या एका बंद पडलेल्या शिवणकारखान्याचा कोपरा. तीन टेबलं, एक हीटर, खिडकीबाहेर कोळशाचा धूर. व्हिडिओ गेम बनवणारी त्यांची कंपनी ती एवढीच. चिनारा मालकीण. उलुकबेक पहिल्या दिवसापासूनचा प्रोग्रॅमर. मीरिम चित्रं काढायची. गेमची गोष्ट साधी होती: एक मुलगी बर्फ पडायच्या आत आपला कळप घाटापलीकडे नेते. पण त्यातला वारा उलुकबेकचा होता. तो वारा सुटला की गवत आधी वाकायचं, मग मेंढ्या पाठ फिरवायच्या, मग तंबूचे दोर कुरकुरायचे. तो कसा बांधलाय हे दुसऱ्या कोणाच्या बापालाही उलगडलं नसतं. उलुकबेक गेला की गेम तिथेच आडवा. चिनारा हे जाणून होती, म्हणूनच तिचा जीव टांगणीला लागला होता.

त्यात एक दिवस चित्रं फुटली.

"एजे, हे बघितलंत का?" मीरिमने फोन पुढे केला. दोघंही चिनाराला एजे म्हणत, म्हणजे ताई. कुठल्याशा टेलिग्राम चॅनेलवर गेममधली चार चित्रं कोणीतरी टाकली होती. घाट, कळप, मुलगी, तंबू.

चिनाराच्या पायाखालची जमीनच सरकली. परदेशातल्या प्रकाशकाची एकच अट होती. वसंतात आम्ही जाहीर करेपर्यंत बाहेर काही दिसता कामा नये, दिसलं तर करार संपला.

"कोणी टाकली असतील?" मीरिम म्हणाली.

"मला काय विचारतेस? आपण तिघंच तर आहोत."

उलुकबेकने पडद्यावरून मान वर केली, दोघींकडे पाहिलं आणि पुन्हा खाली घातली. एक अक्षर बोलला नाही. चिनाराला तेच खुपलं. चोर नसता तर शिव्या दिल्या नसत्या का त्याने? ह्या माणसाला तर शिव्या द्यायला निमित्तही लागत नाही!

दुपारच्या चहाला तिने त्याचा पियाला काठोकाठ भरला. आपल्याकडे पियाला अर्धाच भरतात, म्हणजे माणूस बसतो, पुन्हा मागतो, गप्पा होतात. काठोकाठ भरलेला म्हणजे, उठा आता, निघा. मीरिमने डोळे मोठे केले. उलुकबेकने पियाल्याकडे पाहिलं, दोन्ही हातांनी सांभाळून उचलला, थेंबही न सांडता प्यायला आणि कामाला लागला. बघा, कसा निर्लज्ज, चिनारा मनात म्हणाली.

तिच्या कानावर आलंच होतं. अल्माटीच्या एका मोठ्या कंपनीचा माणूस बिश्केकला फेऱ्या मारत होता, चांगली माणसं हेरत होता. उलुकबेकबरोबर त्याला मटणाचे सामसे विकणाऱ्या दुकानात बसलेलं मीरिमनेच पाहिलं होतं आणि भाबडेपणाने सांगितलंही होतं. आता दोन आणि दोन जोडायला कोणाची शिकवणी लावायला हवी होती?

समोरासमोर विचारावं, असं तिच्या दोनदा ओठांवर आलं. पण विचारलं आणि तो चिडून गेला तर? आणि नाही म्हणाला, तर त्यावर विश्वास कसा ठेवायचा? त्यापेक्षा पकडावा रंगेहाथ. मग बोलायला तोंड राहणार नाही त्याला.

दर शुक्रवारी गेमची नवी प्रत बनवून प्रत्येकाला देण्याचं काम चिनाराचंच होतं. त्या शुक्रवारी तिने दार लावून घेतलं आणि एकाच्या जागी तीन वेगळ्या प्रती बनवल्या. गेममधल्या तंबूत जमिनीवर एक शिरदाक अंथरलेला होता, दाबलेल्या लोकरीचा गालिचा, मेंढ्याच्या शिंगांची नक्षी असलेला. आपल्या आज्या शिवतात तसाच, शिंगं बाहेर वळलेला. उलुकबेकच्या प्रतीत तिने शिंगं आत वळवली. मीरिमच्या प्रतीत शिंगांच्या मध्ये एक ठिपका टाकला. स्वतःच्या प्रतीत नक्षी होती तशीच ठेवली. आता पुन्हा काही फुटू दे, शिरदाक पाहिला की चोर सापडलाच म्हणून समजा. ती स्वतःवरच खूश झाली.

रविवारी तोकमोकला मोठ्या बहिणीकडे नातवाचं तोय होतं, चालायला लागल्याचा सोहळा. पोराच्या पायातली दोरी कापायची, त्याने पहिलं पाऊल टाकायचं, मग दिवसभर खाणं. घर पाहुण्यांनी फुललेलं. चिनाराचं मात्र लक्ष फोनमध्ये. चॅनेलवर काही आलं का? उलुकबेक आत्ता कोणाबरोबर असेल?

"ताय-एजे!" मावशीला हाक मारत बहिणीचा थोरला एसेन शेजारी येऊन बसला. तिशीचा, टायरच्या दुकानाचा मालक, हातात मटणाचं हाड. "कुठे हरवलात? तो नवा गेम आणलाय का बरोबर?"

"पिशवीत पेनड्राइव्ह आहे. त्याचं काय?"

"द्या की मग. मागच्या वेळी दिलेली प्रत खेळून झाली."

"एसेन, अरे, तो अजून..."

"भाचा आहे मी!" तो ओरडला आणि सगळी बैठक हसली. आजोळच्या वस्तूवर भाच्याने हात ठेवला की ती त्याची. घोडा मागितला तरी नाही म्हणत नाहीत, ह्याला तर बोटाएवढा पेनड्राइव्ह हवा होता.

"घे बाबा, घे, डोकं खाऊ नकोस," चिनारा म्हणाली आणि पुन्हा फोनमध्ये डोकं घातलं.

बुधवारी सकाळी चॅनेलवर चित्रफीत आली. चिनारा एकटीच होती, बाकीचे यायचे होते. करार जाईल याची भीती होती, पण खरं सांगायचं तर आत कुठेतरी तिला बरंही वाटत होतं. लागला एकदाचा सोक्षमोक्ष. फितीतली मुलगी घाट उतरली, तंबूचं दार उचललं, आत शिरली. चिनाराने चित्र थांबवलं, मोठं केलं.

शिंगं बाहेर वळलेली होती.

ठिपका नव्हता. काहीच नव्हतं. तिने डोळे चोळून पुन्हा पाहिलं. ही तिचीच प्रत! मग तिने आवाज वाढवला. मागे कोणीतरी तोंडात घास ठेवून बोलत होतं: "बघा रे, बघा! माझ्या ताय-एजेनं बनवलंय, एकटीनं!"

एसेन. आणि ती आधीची चार चित्रंही त्याचीच, दुसरं कोण? आधीची प्रतही तिनेच दिली होती त्याला, असंच एका जेवणावळीत. उलुकबेकवर संशय घेतला होता तिने, मीरिमच्याही प्रतीत ठिपका टाकला होता, पण भाचा म्हणून मनातही आला नाही. भाच्याला दिलेलं बाहेर गेलं असं कोण धरतं?

तिने फोन लावला. "एसेन, आत्ताच्या आत्ता काढून टाक ते सगळं!"

"का? माझेच तर मित्र आहेत त्यावर. सगळ्यांना आवडलंय, ताय-एजे."

"काढतोस की येऊ तिकडे चाबूक घेऊन?"

त्याने काढलं. प्रकाशकाच्या नजरेला काही पडलं नव्हतं. चिनाराने सुस्कारा सोडला आणि खाली जाऊन गरम सामसे घेऊन आली. उलुकबेक आल्यावर काय बोलायचं ते तिने ठरवूनही टाकलं: काहीच नाही. त्याला कुठे काय माहीत आहे? हसून सामसे पुढे करायचे, पियाला अर्धा भरायचा, झालं गेलं विसरायचं.

उलुकबेक आला. टोपी काढून गुडघ्यावर ठेवत समोर बसला. मीरिम अजून यायची होती.

"खा," चिनारा म्हणाली. "गरम आहेत. मटणाचे, तुझे आवडते."

"एजे, माझ्या प्रतीत शिंगं आत वळलीत."

तिचा हात चहादाणीवरच राहिला.

"शुक्रवारीच दिसलं," तो म्हणाला. "मला वाटलं, काहीतरी बिघडलंय, दुरुस्त करू. मीरिमच्या पडद्यावर पाहिलं तर तिच्याकडे ठिपका. मग कळलं. प्रती तर तुम्हीच बनवता."

"उलुक, ऐक. चित्रं फुटली होती, मला काही सुचेना. तू सारखा जिन्यात जाऊन..."

"अल्माटीवाले बोलवत होते. तीन महिने नाही म्हणत होतो त्यांना. मीरिमसमोर कसं बोलणार? पोरगी घाबरली असती, आपलं बस्तान मोडतंय म्हणून." त्याने टोपी फिरवली. "शुक्रवारी रात्री हो म्हणालो."

चिनाराला रडू फुटलं. तिने ते लपवलंही नाही. "एसेन होता रे तो! माझा भाचा! मीच दिला त्याला गेम, माझ्या हातानं. मागितला, नाही कसं म्हणणार?"

उलुकबेक हसला, आणि त्या हसण्यात राग नव्हता, म्हणून ते जास्तच लागलं. "खरंय. भाच्याला नाही कसं म्हणणार? पण एजे, मला नुसतं विचारायचं होतंत. मी तुम्हाला शिव्या दिल्या असत्या, आणि मिटलं असतं."

"आता विचारते. राहशील?"

चिनाराने पियाला घेतला आणि अर्धाच भरला, अर्ध्याहूनही कमी, म्हणजे लवकर संपेल आणि पुन्हा मागेल. त्याने तो घेतला, शांतपणे प्यायला. वारा कसा चालतो ते मीरिमला समजावून देतो, म्हणाला, पोरगी हुशार आहे, घेईल शिकून. पियाला रिकामा झाला. चिनाराने घाईने चहादाणी पुढे केली.

त्याने पियाल्यावर तळहात ठेवला.