घराची सरासरी

देवाने ईस्टरआधीच्या उपासाचे चाळीस दिवस नेमके काजूच्या मोसमात ठेवले, ही सांतान लोबोची देवाविरुद्धची एकमेव तक्रार होती. बाकी देवाचं आणि त्याचं बरं जमायचं. इकडे राखेच्या बुधवारी कपाळाला राख लागायची आणि तिकडे बागांतून हुर्राकाचा वास सुटायचा. काजूच्या बोंडांची ही कोवळी दारू पावसाआधीच संपते. मग माणसाने करायचं काय?

मालवणजवळच्या वाडीत त्याची पावाची भट्टी होती. मैदा, मीठ, पाणी तो न बघता बरोबर घालायचा. पण स्वतःच्या तोंडाचं माप त्याला कधी सापडलं नाही. जेवायला बसला की तव्यावरचा शेवटचा बांगडा संपेपर्यंत उठायचा नाही, आणि बाटली उघडली की तळ बघूनच खाली ठेवायचा. पिऊन कोणाशी भांडला नाही, बायकोवर तर कधी आवाजही चढवला नाही. गात बसायचा. म्हणून लोक ते हसण्यावारी नेत, आणि तोही नेत असे.

त्याची बायको कारमेलिन म्हणजे दुसरं टोक. उपासाचे दिवस आले की जेवणावर जेवणं सोडायची. दोन वर्षांपूर्वी तिला साखरेचा आजार निघाला, तरी उपास कमी झाले नाहीत, वाढलेच. तिने कसलीशी आंगवण केली होती, देवाला शब्द दिला होता. कसला ते सांतानने विचारलं की, "तुका काय करूचा आसा?" एवढंच म्हणायची. आचऱ्याच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, गोळी चुकवू नका आणि गोळीवरचं जेवणही चुकवू नका. त्यातलं तिने गोळीचं तेवढं ऐकलं.

२००४ साली झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रविवारी, फादरनी प्रवचनात हाच विषय काढला. माणसाने मापात राहावं म्हणाले. खाण्यात, पिण्यात, रागावण्यात, आणि उपासातसुद्धा. आजाऱ्याला उपास लागूच नाही, स्वतःच्या देहाचे हाल करून आपण देवावर उपकार करत नाही. कारमेलिन मान खाली घालून जपमाळेचे मणी चाचपत राहिली.

बाहेर आल्यावर सांतानला गप्प बसवेना.

"फादर, माजा जास्त आणि हिचा कमी. दोनय मिळवून भागा, आमचा घर मापातच आसा!"

सगळे हसले. फादर मात्र हसले नाहीत. "देव घराची सरासरी काढत नाही, सांतान," म्हणाले. कारमेलिन पांढरीफटक पडली होती. तिला लाज वाटली असेल असं सांतानला वाटलं, आणि तो तेवढ्यावरच घरी आला. बाई लाजेने अशी पांढरी पडत नाही, हे त्याला कळायला हवं होतं.

गुड फ्रायडेला भट्टी बंद होती. आदल्या संध्याकाळपासून कारमेलिनच्या पोटात पाण्याशिवाय काही नव्हतं. सकाळी तिने नियमाने गोळी मात्र घेतली. दुपारी तिने सांतानला पेज आणि लोणचं वाढलं आणि मागीलदारी भांडी घासायला गेली. सांतानने पेज संपवली. तांदळाच्या पिंपामागे त्याची बाटली होती. आजच्या दिवशी घेऊ नये हे त्याला ठाऊक होतं. म्हणून त्याने उभ्याउभ्याच घेतली, जसं काही उभ्याने घेतलेली धरली जात नाही.

मागे पातेलं दणकन पडलं.

तो धावला. कारमेलिन विहिरीच्या कट्ट्याला टेकून बसली होती. अंगाला दरदरून घाम, ओठ थरथरत होते, नजर कुठेच ठरत नव्हती.

"काय झाला गो? कारमेलिन!"

शेजारची मथुरा कुंपणावरून बघत होती, ती आत आली. तिने कारमेलिनच्या हाताला हात लावला, तो बर्फासारखा होता. "हिना काय खाल्ल्यान?"

"काल सांजेपासून काय नाय."

"आणि गोळी?"

"घेतल्यान."

"अरे देवा! साखर उतरली हिची. माज्या सासूचा असाच झालेला. पाणी नि साखर आण, बघत काय रवलंस!"

सांतानने पेल्यात मूठभर साखर ढवळून आणली. पेला ओठांना लावला, तर कारमेलिनने दात घट्ट मिटले. पुन्हा लावला. तिने मान फिरवली, पाणी गळ्यावर सांडलं.

"घे गो, पाया पडतंय तुज्या."

तो वाकला तशी तिच्या नाकपुड्या हलल्या. "तुज्या तोंडाक वास येता," ती जड जिभेने म्हणाली. "आतासुदीक घेतलंस. मगे सांजेचाय जेवण गेला माजा."

"म्हणजे काय?"

"तू दारूचे जितके कोप जास्त घेतस, तितकी जेवणा मी सोडतंय. देवाक तसाच सांगलंय. तुजा जास्त, माजा कमी." तिला हसायचं होतं बहुतेक, ते जमलं नाही. "भागून बघ. मापात येता."

रविवारी चार माणसांत सांतानने जिची थट्टा केली होती, ती हीच. त्याने गात गात रिकामी केलेली एकेक बाटली ही बाई उपाशीपोटी फेडत होती. त्याला स्वतःची किळस आली.

"सोडलंय!" तो गळ्यातला क्रूस मुठीत धरून ओरडला. "आत्तापासून सोडलंय! जलमात परत थेंबाक शिवूचंय नाय, खुरसाची आण!"

कारमेलिनचे डोळे मिटू लागले होते. "गेल्या नाताळाक सोडलंस. चर्चच्या फेस्ताकय सोडलंस," ती पुटपुटली. "तुजी जलमाची सोडलेली आठ दिस टिकता." दात पुन्हा मिटले.

चर्चकडून लाकडी खटखटं वाजलं. गुड फ्रायडेला घंटा वाजत नाही. मथुरा कारमेलिनचे तळहात चोळत म्हणाली, "सांताना, काय तरी कर. शुद्ध जाता हिची."

मोठी शपथ खाऊन झाली होती, आणि त्या शपथेवर कारमेलिनचा विश्वास नव्हता. खरं तर त्याचाही नव्हता. भट्टीत जाळ भडकला की पाव बाहेरून करपतो आणि आत कच्चाच राहतो. त्याच्या शपथा तशाच होत्या. तो तिच्यासमोर जमिनीवर बसला.

"एक कोप," तो हळू म्हणाला.

तिने डोळे किलकिले केले.

"आयतवारी, जेवताना. बाकीचे दिस नाय. बाटली तुज्याकडे, कपाटात. तूच भर. दुसरो मी मागलंय तर..." तो थांबला. खोटं बोलून चालणार नव्हतं. "मागतलंय. मी मागतलंयच गो. तू देऊ नको. आणि तू दोनय वेळ जेवूचा. तुजा तू जेव, माजा मी सांभाळतंय. मगे भागाकार नको."

कारमेलिन त्याच्याकडे बघत राहिली. हा माणूस आयुष्यात पहिल्यांदाच एवढंसं काहीतरी कबूल करत होता.

तिने तोंड उघडलं.

पेला संपला, मग दुसरा. मथुराने वाडीतल्या बाबलीची रिक्षा बोलावली. आचऱ्याला पोचेपर्यंत कारमेलिनला बसता येत होतं. डॉक्टरांनी तिला झापलं, आणि तिला बाहेर बसवून सांतानला त्याहून जास्त झापलं. तो ऐकून घेत उभा राहिला.

ईस्टरला दुपारी दोघं जेवायला बसली. तांदळाची मऊ सान्नां होती, डुकराचं मटण होतं. कारमेलिनने कपाट उघडलं, छोटा पेला भरून त्याच्यापुढे ठेवला, बाटली आत ठेवून किल्ली कमरेला खोचली. सांतानने पेला उचलला आणि जन्माच्या सवयीने एका घोटात रिकामा केला.

मग त्याला समोर अख्खं जेवण दिसलं, आणि रिकामा पेला. हात उगाच टेबलावर फिरू लागले. त्याने किल्लीकडे बघितलं, दुसरीकडे बघितलं, पुन्हा किल्लीकडे बघितलं.

"गो, आज ईस्टर," तो शेवटी म्हणाला. "आणि एकच..."

पहिला घास कारमेलिनच्या ओठांपाशी पोचला होता. तो तिने परत ताटात ठेवला.

सांतान त्या घासाकडे बघत बसला. त्याच्या कपाळावर घाम आला होता. मग त्याने समोरचा पेला उचलला, पालथा घातला आणि वर हात ठेवला.

"जेव," तो म्हणाला.

तिने घास पुन्हा उचलला, तोंडात घातला, नीट चावून गिळला. मग मटणाचं भांडं त्याच्याकडे सरकवत म्हणाली, "फुडच्या आयतवारी सावकाश पी."