सलूनवाल्याचं दुखणं

हातात वस्तरा आला की सलूनवाल्याच्या जिभेला हाड नसायचं. गिऱ्हाइकाच्या सुनेपासून साहेबापर्यंत सगळ्यांवर त्याच्याकडे इलाज होता. स्वतःच्या घरचं मात्र तोंडातून निघेना. गेली दोन वर्षं बायकोला जवळ घेतो न घेतो तोच त्याचं आटोपायचं, आणि मग हा भिंतीकडे तोंड करून झोपेचं सोंग घ्यायचा.

बायको म्हणायची, "अहो, डॉक्टरांना विचारू या ना. मी येते सोबत."

की याचा पारा चढलाच. "मला काय धाड भरलीय? तूच दगडासारखी पडून असतेस!"

दोघांचं जेवण एकटा खायचा, तरी वाळून काडी झाला. पंख्याखाली घाम, बसल्याजागी धडधड. गिऱ्हाइकं चेष्टा करायची, "काय रे, बायको उपाशी ठेवते का?" आणि हा शहाणा आरशात बघून हसायचा, "आपलं नशीब, दुसरं काय!" शेजारच्या शिंपिणीने ते ऐकलं आणि बायकोच्या कानावर घातलं. बायकोने कपडे भरले, भावाचं घर गाठलं. याने काय करावं? ताकदीची पावडर आणून दुधातून प्यायला सुरुवात केली.

मग एकदा दाढी करताना हात थरथरला आणि जुन्या गिऱ्हाइकाच्या कानाला वस्तरा लागला. धंद्यावर बेतल्यावर स्वारी दुसऱ्याच दिवशी दवाखान्यात हजर.

रक्ताचा रिपोर्ट आला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "थायरॉईडची ग्रंथी जास्त काम करतेय. बायकोजवळ गेल्यावर लवकर आटोपतं का?"

त्याने खाली बघत मान हलवली.

"तेही बहुतेक यामुळेच. कुणाला प्रोस्टेटच्या सुजेनेही होतं. दर वेळी मनाचंच दुखणं असतं असं नाही. गोळ्यांनी फरक पडेल."

त्याला रडूच आलं. तसाच मेहुण्याच्या घरी धावला. दार बायकोनेच उघडलं.

"अगं, माझ्यात खोट नव्हती! ग्रंथीचं दुखणं होतं, चल घरी!"

"डॉक्टरकडे कधी गेलात?"

"गिऱ्हाइकाचा कान कापला ना, दुसऱ्याच दिवशी!"

"परक्याच्या कानासाठी दुसऱ्या दिवशी गेलात. मी दोन वर्षं हातापाया पडत होते."

त्याने रिपोर्टचा कागद पुढे केला.

"गोळ्या वेळेवर घ्या," ती म्हणाली, आणि तिने दार लावून घेतलं.