सतरा मिनिटांचा लॅपटॉप

“सदर लॅपटॉप वारंवार बंद पडण्याचे कारण वापरकर्त्याची अयोग्य हाताळणी हे असून यंत्रात कोणताही दोष आढळलेला नाही.”

विद्यापीठाच्या संगणक विभागाने एकच वाक्य लिहिले, आणि तेही सिद्ध करण्याची तसदी घेतली नाही. ‘वारंवार’ म्हणजे किती वेळा, हे कोणी मोजले नव्हते. हाताळणी अयोग्य, तर योग्य कोणती, हे सांगण्याचे सौजन्य कोणी दाखवले नव्हते. ‘दोष आढळलेला नाही’ हे तर शोधणाऱ्याच्या नजरेविषयीचे विधान आहे. ते यंत्राच्या प्रकृतीचे प्रमाणपत्र म्हणून खपवणे म्हणजे डोळे मिटून दूध पिणाऱ्या मांजराने घरात कोणी नसल्याची ग्वाही देणे. राहता राहिला वापरकर्ता, ती मी. बावीस वर्षे मी अशी हस्तलिखिते उलगडत आले आहे, की ज्यांच्याजवळ शिंकले तरी ओळ उडून जावी. आजवर एका पानाचा कोपरा मोडलेला नाही.

अभिप्रायाखाली आदेश होता. शुक्रवारी यंत्र जमा करावे आणि माझ्या शब्दसूचीचे काम ‘संगणक सक्षमपणे हाताळू शकणाऱ्या सहकाऱ्याकडे’ सोपवावे. अकरा वर्षांचे काम, आणि उरली होती फक्त चाळीस पृष्ठे. सूची जुळवणारा प्रोग्राम विद्यापीठाने याच एका लॅपटॉपवर बसवून दिला होता, आणि हा लॅपटॉप सतराव्या मिनिटाला मान टाकत होता.

विभागाने मोजले नाही, म्हणून मी मोजले. सोमवारी वहीत रकाने आखले. सूची उघडी असताना सतरा मिनिटे. काहीही उघडे नसताना एकवीस. म्हणजे माझे टंकलेखन निर्दोष. मांडीवरच्या उशीवर नऊ. खिडकीखालच्या गार फरशीवर, शेजारी टेबलफॅन लावून, बत्तीस.

“काय गं पंडितीणबाई, यंत्राची नाडी बघतेस होय?” आत्याने विचारले.

“तापतोय गं तो.”

“ताप आलाय तर अंगावरचं पांघरूण काढ की.”

“यंत्राला कसलं पांघरूण, आत्या?”

“तेही खरंच,” म्हणत ती वाटीतली खळ ढवळू लागली.

आत्या तीन आठवड्यांपूर्वी, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाल्यावर, माझ्याकडे राहायला आली होती. तिने अडतीस वर्षे एका मोठ्या ग्रंथालयात जीर्ण पुस्तके दुरुस्त केली. कसरीने पाडलेली भोके ती कागदाच्या लगद्याने अशी बुजवायची, की पान उजेडासमोर धरल्यावाचून कळू नये. निवृत्तीनंतरही ग्रंथालय तिच्याकडे पुस्तके पाठवी. शस्त्रक्रियेचे कळताच मात्र त्यांचे पत्र आले: ‘हात पूर्वीसारखा स्थिर राहिला नसल्याने’ कामे थांबवत आहोत. तो हात पाहायला कोणी आले नव्हते. हाही एकाच वाक्याचा अभिप्राय. त्या दिवसापासून माझ्या घरात फाटके असे काही उरले नाही. जुने नकाशे झाले, बुटांची खोकी झाली, दिव्याची कागदी टोपी झाली. आता छत्रीची पाळी होती. “हात चालू ठेवते,” एवढेच ती म्हणे, आणि दर वेळी बोटे उजेडात धरून पाही.

बुधवारी दुपारी यंत्र ताब्यात घेण्यापूर्वीची पाहणी करायला विभागाचा तंत्रज्ञ आला. ही त्याची चौथी फेरी. आधीच्या तीन फेऱ्यांत त्याने दोनदा रॅम बदलली होती आणि एकदा सगळे पुसून नव्याने बसवले होते. मी वही त्याच्यापुढे ठेवली. त्याने ती दोनदा वाचली.

“मॅडम, असं कुणी लिहूनच देत नाही हो. हा तर सरळ तापतोय.”

“आपल्या अभिप्रायात तसे नाही.”

“अभिप्राय साहेब लिहितात. मी रॅमचं झाकण काढतो.” त्याने लॅपटॉपला कान लावला. “पंखा फिरतोय. पण वारा घेणार कुठून? एरवी खाली जाळी असते. या मॉडेलला दिसत नाही.”

“नसती, तर हा चार वर्षे चालला कसा?”

यावर त्याने डोके खाजवले. उत्तर म्हणून ते अभिप्रायापेक्षा प्रामाणिक होते.

खोडलेली अक्षरे वाचण्याची एक रीत आहे. प्रकाश समोरून टाकायचा नाही. पानाला जवळजवळ चिकटून, तिरपा टाकायचा. ती मला आत्यानेच शिकवली. मी पडदा ओढला, लॅपटॉप पालथा केला आणि टॉर्च आडवा धरला. गुळगुळीत काळ्या तळावर हळूहळू वर्तुळे उमटली. सहा ओळी, प्रत्येकीत आठ. काठ इतके नेटके की नखालाही लागू नयेत. असे काम करणारे दोनच हात मला ठाऊक आहेत, आणि ते तेव्हा माझ्या पाठीमागे छत्रीला ठिगळ लावत होते.

“आत्या, हे तुझं काम?”

ती उठून आली. “मग कुणाचं? आले त्याच दिवशी केलं, लगद्यात काजळ कालवून. केवढी कसर लागली होती बिचाऱ्याला! आणि भोकं कशी, अगदी रांगेत. किडा मोठा शिस्तीचा होता हो.”

तंत्रज्ञ खुर्चीत बसला. “आजी, मी तीनदा उलटा करून बघितला. मला वाटलं, कंपनीनंच असा बनवलाय.”

“आजी कुणाला म्हणतोस? मी हिची आत्या.” मग तिचा आवाज एकदम खाली आला. “तीनदा?”

“तीनदा.”

“चष्मा लावून?”

“चष्मा लावून.”

“आणि दिसलं नाही?”

“नाही दिसलं हो!”

आत्याने दोन्ही हात पुढे धरून पाहिले आणि ती हसू लागली. पाठोपाठ तो हसला. तीन आठवडे मी निगुतीने मुरवलेला संताप त्या दोघांनी असा वाया घालवला, की शेवटी मलाही डोळे पुसावे लागले.

“जे लावलं ते काढता आलं पाहिजे, नाहीतर ती दुरुस्ती नव्हे,” हा आत्याचा नियम. ओलसर कापसाने तासाभरात सगळी भोके मोकळी झाली. मग आम्ही तिघे घड्याळ लावून बसलो. सतरावे मिनिट गेले. अठराव्याला तंत्रज्ञाने टाळी वाजवली. चाळिसाव्याला आत्या म्हणाली, “आता त्याच्याकडे टक लावू नका, लाजेल.” दिवस मावळेपर्यंत तो एकदाही बंद पडला नाही. शुक्रवारी सकाळी शब्दसूची छापखान्यात गेली, माझ्या नावाने, आणि जमा करण्याचा आदेश विभागाला मागे घ्यावा लागला.

विभागाच्या अर्जात ‘बिघाडाचे खरे कारण’ हा रकाना रिकामा होता. मी लेखणी उचलली, तर आत्याने ती काढून घेतली. तिच्या जबाबाची एक प्रत ग्रंथालयाला धाडण्याची सूचना तेवढी माझी. अक्षर तिचे, आणि ते कुठेही हललेले नाही:

“भोके मी बुजवली. कसर समजून बुजवली, ही चूक माझी. भाचीचा यात दोष नाही. एकूण अठ्ठेचाळीस. शस्त्रक्रियेनंतर आठव्या दिवशी केलेले काम आहे. संगणक विभागाने तीन वेळा तपासूनही त्यांपैकी एकही दिसले नाही, याची ग्रंथालयाने कृपया नोंद घ्यावी.”