लाल ठिपक्यांची मरळ

ते साल दोन हजार एक. त्या उन्हाळ्यात कुरखेड्याच्या ढिवर मोहल्ल्यातल्या वारलू नावाच्या मासेमाराला लकवा मारला. पाऊस लागेस्तोवर त्याचा पाय उचलू लागला, मग उजवा हातही थोडाथोडा परत आला. वाचा तेवढी आली नाही. तोंड उघडायचा, गळ्याच्या शिरा ताठ व्हायच्या, आणि आतून नुसता वारा यायचा.

त्याच्या बायकोला, गुणाबाईला डॉक्टरांनी दोन गोष्टी सांगितल्या होत्या. हाताला काम देत राहा, ही एक. दुसरी, ह्यांना जोर लावू देऊ नका, संताप येऊ देऊ नका. दुसरा झटका आला तर आम्ही काही करू शकणार नाही. पहिली पाळावी तर दुसरी मोडते, हे त्या बाईला घरी आल्यावर कळलं. डॉक्टरांनी दिलेला रबरी चेंडू दाबताना वारलू इतका लाल व्हायचा की तिने तो चेंडू चुलीमागे लपवून ठेवला.

त्यात मुलगा, इसरू. तो गडचांदूरला सिमेंटच्या कारखान्यात ठेकेदाराकडे होता. आखाडीच्या सणाला आला तेव्हा आईला बाजूला घेऊन म्हणाला, "माय, बा पाण्याबिगर राहणार नाई. अन् पाण्यात काई झालं तं हाक कोणाले मारंल तो? तान्ह्या पोळ्याले येतो मी. तोवर बोलला तं ठीक. नाई तं दोघंबी चला माह्यासंग. डोंगा शेजारच्या लटारूले देऊन टाकू."

आठच दिवसांपूर्वी वारलू गुणाबाईची नजर चुकवून डोंगा घेऊन तलावात गेला होता. डोंगा ढकलायचा बांबू गाळात रुतला, हात थकला, आणि तो मधोमध उभा राहून डोक्याचा दुपट्टा हलवत राहिला. काठावर बाया धुणं धूत होत्या, पण त्यांची पाठ तलावाकडे. एक हाक मारता आली असती तर! लटारूची नजर गेली म्हणून निभावलं. हे तिने इसरूला सांगितलं नव्हतं. पण गडचांदूरच्या खोलीत, धुळीत, पाण्यापासून तोडलेला हा माणूस वर्षभरही टिकणार नाही, हेही तिला तितकंच ठाऊक होतं.

तेव्हापासून ती त्याला एकटा सोडेना. मासोळी विकायला बाजारात बसायची तर त्याला खुर्शीदच्या दुकानात बसवून जायची. खुर्शीद रेडिओ-टीव्ही दुरुस्त करायचा. वारलूशी त्याची जुनी दोस्ती.

"बसू द्या ना बाई," तो म्हणायचा. "बोलत नाई हेच बरं आहे. बाकीचे तर येऊन माझा भेजा खातात."

खुर्शीदची पोरगी फरहा आठवीत होती. शाळा सुटली की दुकानात येऊन दुरुस्त झालेल्या टीव्हीला व्हिडिओ गेम जोडायची. बापाला सांगायची, टेस्टिंग करते. तिच्याकडे एक मासेमारीची कॅसेट होती. पडद्यावर पाणी, त्यात गळ टाकायचा, बटण दाबून मासा ओढायचा. लहान मासे पकडत पकडत शेवटी एका खोल डोहाशी जायचं. तिथे एक मोठा मासा होता, लांब, काळपट, जबड्यात दात, बाकीच्या माशांना गिळत फिरणारा. तो फरहाला कधीच सापडला नव्हता. दरवेळी दोरी तुटायची.

एके दिवशी वारलूने हात पुढे केला. फरहाने गेमचं हँडल त्याच्या हातात दिलं. त्याने तो मासा पाहिला, गळ टाकला आणि ओढायच्या ऐवजी दोरी सैल सोडली. मासा पळाला, थकला. मग थोडं ओढलं, पुन्हा सोडलं. दोरी तुटली नाही. तेवढ्यात वीज गेली.

"या अल्लाह!" फरहा ओरडली. "मामी, वारलूमामाने आत्ता धरलाच असता! ती मरळच आहे ना हो? दात बघा ना कसे!"

बाजारातून परतलेल्या गुणाबाईला मासा दिसलाच नाही. तिला नवऱ्याचा चेहरा दिसला. घामाने भिजलेला, कानशिलं उडताहेत.

"पोरी, नको देत जाऊ त्याइले ते," ती म्हणाली.

पण घरी जाताना तिच्या लक्षात आलं, वारलूचा अंगठा चालत होता. वाटभर, तिच्या लुगड्याचा पदर धरलेल्या त्याच्या हाताचा अंगठा दाबत होता, सोडत होता. चेंडूने जे झालं नव्हतं ते होत होतं. दुसऱ्या दिवशी त्याला दुकानात बसवताना ती फरहाला काही बोलली नाही. मात्र टोपली उचलून निघताना रोज मागे वळून बघायची, आणि बाजारात तराजू धरताना तिचे कान दुकानाकडे असायचे. कोणी पळत आलं की ती उठून उभी राहायची.

तान्हा पोळा आला. गल्लीत पोरं लाकडी बैल ओढत फिरत होती. इसरू सकाळच्या गाडीने उतरला. घरी कुलूप बघून सरळ दुकानात आला. गुणाबाई त्या दिवशी बाजारात गेलीच नव्हती, वारलूच्या शेजारी बसून होती.

"बोलला का?" इसरूने दारातूनच विचारलं.

"नाई," गुणाबाई म्हणाली.

"मंग दुपारच्या गाडीनं निघू." त्याने पडद्याकडे पाहिलं. "आता खेळणं खेळून राह्यला का बा?"

"इसरू, बैस," खुर्शीद म्हणाला. "चहा सांगतो. धरू दे त्याला एकदा."

वारलूने कोणाकडे पाहिलं नाही. त्या दिवशी वीज टिकली होती. टीव्ही एका गिऱ्हाईकाचा मोठा, रंगीत होता. आजवर दुरुस्तीला आलेल्या जुन्या टीव्हींवर सगळं काळंपांढरं दिसायचं. आज पहिल्यांदाच पाणी निळं होतं. मोठा मासा गळाला लागला आणि त्याच्याभोवती लाल ठिपक्यांचा एक झुबका उमटला.

"ते ठिपके म्हणजे त्याची ताकद, मामा," फरहा म्हणाली. "ओढा! एकेक विझेल. सगळे विझले की मासा आपला!"

वारलूने ओढलं. एक ठिपका विझला. दुसरा विझला. त्याचा हात थांबला, मग सवयीने त्याने पुन्हा ओढलं, आणि आणखी एक विझला. त्याचा चेहरा पिळवटला. ओठ थरथरू लागले, मानेची शीर फुगली. डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं गुणाबाईला समोर दिसू लागलं.

"बंद कर!" ती ओरडली. "खुर्शीदभाऊ, बटण काढा थे! इसरू, धर रे तुह्या बाले!"

इसरू धावला. पण वारलूने त्याचा हात झटकला, हँडल जमिनीवर टाकलं, पडद्याकडे बोट केलं, आणि त्याच्या तोंडातून आवाज फुटला. घोगरा, तुटका, पण आवाज.

"सोड! पि... पिल्लं! सोड थिले... पिल्लं मरून राह्यली!"

पडद्यावर दोरी सुटली आणि मासा उरलेले ठिपके घेऊन खोल गेला.

फरहाला कळेना. पण गुणाबाईला कळलं आणि इसरूलाही. मरळीची पिल्लं लालभडक असतात, आईबापाच्या डोक्यावर झुबक्याने तरंगतात. वारलूच्या बापाने घरात नेम घातला होता, पिल्लं घेऊन फिरणारी मरळ दिसली की जाळं मागे घ्यायचं. इसरूनेही लहानपणी तो मोडल्याबद्दल एकदा पाठीत धपाटा खाल्ला होता.

"बा," इसरू त्याच्यापुढे बसत म्हणाला. "मले हाक मार."

वारलू त्याच्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "इ... इसरू." आणि थकून बाकावर बसला.

चहा आला तो कोणी प्यायला नाही. इसरू संध्याकाळच्या गाडीने एकटाच परत गेला. जाताना आईला म्हणाला, "काठावरच बसू दे त्याले. अन् रोज हाक मारायले लाव."

वारलू त्यानंतर सहा पावसाळे जगला. पूर्ण वाक्य पुन्हा कधी बोलला नाही, पण तलावाच्या बांधावर, पाळीवर बसून पाण्यातल्या पोरांना हाका मारायचा, आणि त्या पोचायच्या. डोंगा लटारूच चालवायचा, तोही वारलू पाळीवर असेल तेव्हाच. इसरू गडचांदूरलाच राहिला. त्याची मुलगी दिव्यानी आता तिथे नर्स आहे. खुर्शीद गेला, त्याच्या दुकानात आता मोबाईल मिळतात. फरहाचं लग्न आलापल्लीला झालं. ठिपके म्हणजे ताकदच, पिल्लं नव्हेत, हे तिने मामांना पुष्कळदा समजावलं होतं. ते मान हलवायचे, नाही म्हणून. मग तिनेही तो मासा धरायचा सोडून दिला. कॅसेट अजून तिच्या पेटीत आहे, तिची मुलं विचारतात तेव्हा दाखवते.

गुणाबाई एकटीच मागे राहिली. नजर अधू झाली, तरी दिवस कलला की पाळीवर येऊन बसते. तलावाकडून कोणी कोणाला हाक मारली की पहिल्यांदा तिचीच मान वळते.