मिठाची बरणी

आईचं डोकं सकाळपासून फिरलेलं होतं, आणि त्याला कारण तो डबा होता. तीस वर्षं कारखान्याच्या कँटीनमध्ये दोनशे माणसांचं रांधलेल्या बाईच्या घरात कालपासून बाहेरून जेवणाचा डबा! तीन महिन्यांपूर्वीच्या तापानं तिचं नाक गेलं, जिभेची चवही गेली, हे खरं. परवा दूध करपून पातेलं काळं पडलं तरी शेजारच्या खोलीत बसून तिला पत्ता लागला नाही, हेही खरं. पण म्हणून बाबा, थोरला आणि धाकटी यांनी तिच्या माघारी डबा ठरवायचा?

"आज मी करणार," तिनं तिघांना ठणकावलं. "कोणी लुडबुड करायची नाही. जमलं तर डबा बंद. नाही जमलं, तर मी पुन्हा ओट्याकडे फिरकणार नाही."

बेत साधा, एका ट्रेचा. बटाट्याच्या फोडी, कांद्याच्या जाड चकत्या, तेल, मिरपूड. बटाट्याला वेळ लागतो म्हणून तो आधी ओव्हनमध्ये, अर्ध्या तासानं वर सॉसेज. मीठ तिनं घातलंच नाही. सॉसेज मुळातच खारट, त्याचा रस बटाट्यात उतरतो, हे सांगायला तिला नाक लागत नव्हतं. बाकीचं कानांवर सोडलं. फोडी तडतडल्या की उलटायच्या, सुरी आरपार गेली की झालं.

मधल्या वेळात घरातल्यांना तिची भलतीच गरज पडली. ट्रे बाहेर काढला तर थोरला ओरडला, आई, तुझा फोन वाजतोय. वाजत नव्हता. सॉसेज मांडले तर धाकटीला दारात कोणीतरी दिसलं. कोणी नव्हतं. शेवटी बाबांचा चष्मा हरवला, तो त्यांच्याच कपाळावर सापडला. आई दर वेळी बडबडत गेली आणि बडबडत आली.

जेवायला बसले. सॉसेज तांबूस, बटाट्याच्या कडा कुरकुरीत.

"कसं झालंय?"

"झकास," म्हणत थोरल्यानं पाण्याचा ग्लास एका दमात संपवला.

"अगदी पहिल्यासारखं," धाकटी म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

"मीठ?"

"बेताचं," बाबा म्हणाले आणि त्यांनी पाण्याचा जग स्वतःकडे ओढला.

जग दुसऱ्यांदा रिकामा झाला तेव्हा आई भरायला उठली. ओट्यावर मिठाची बरणी जागेवर नव्हती. झाकण उघडं, चमचा बाहेर, आजूबाजूला मीठ सांडलेलं. फोन, दार, चष्मा! तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला आणि अंगाची लाही लाही झाली. जग तिथेच ठेवून ती ट्रे घेऊन आली.

"छान झालंय ना? मग घ्या की." तिनं प्रत्येकाच्या ताटात ढीग वाढला.

"आई, पोट भरलं गं..." थोरला कुरकुरला.

"काल डबा कसा पुसून खाल्लास? संपव! माझ्या पाठीमागे मीठ घालायचं, तीन महिने हेच चाललंय ना? मीठ कमी पडलं तर तोंडानं सांगता येत नव्हतं? नाक गेलंय माझं, कान शाबूत आहेत!"

थोरल्यानं धाकटीकडे पाहिलं. "तू पण घातलंस?"

"सगळ्यांनी घातलंय," आई कडाडली. "मी सोडून. हे जेवण तुमच्या हातचं आहे."

बाबांनी काटा खाली ठेवला. "खारट झालंय," ते म्हणाले. "नुसतं मीठ खातोय असं वाटतंय. नाही जात घशाखाली."

तीन महिन्यांत कोणीतरी पहिल्यांदा तिला तोंडावर खरं सांगितलं होतं. आईला भरून आलं, पण राग इतक्यात सोडायची तिची तयारी नव्हती.

"उद्या तो डबा बंद करा," ती म्हणाली. "आणि यापुढे चव तुम्ही बघायची. माझ्याजवळ उभं राहून. कमी का जास्त, मलाच सांगायचं."

"बघतो," बाबा म्हणाले.

"आई, पाणी?" धाकटीनं हळूच विचारलं.

"उठून घ्या," आई म्हणाली.